घोटभर पाणी? आधी थांबा!

ठाण्याला उतरणारे, कल्याण-डोंबिवलीपर्यंत लटकत जाणारे, सगळ्यांनी हेडफोन नीट लावा. आजचा विषय घरातल्या आजी-आजोबांचा आहे.

माझ्या आजोबांना डोंबिवलीत लकवा झाला, तेव्हा आम्ही पहिलं काय केलं? आडवं झोपवून चमच्याने पाणी पाजलं. मायेनेच. पुढे न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलचा मुक्काम वाढला.

स्ट्रोकनंतर सुरुवातीला जवळपास निम्म्या पेशंटना गिळायला त्रास होतो. घशाचे स्नायू वेळेवर हलत नाहीत आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं. काहींना तर ठसकाही लागत नाही. म्हणून लगेच १०८ ला फोन करा, आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडातून काही नाही. गोळीसुद्धा नाही!

चीनमधल्या बऱ्याच हॉस्पिटलांत दोन्ही वाटांनी जातात. एकीकडे गिळण्याचे व्यायाम, तोंडाची स्वच्छता, घट्ट केलेलं पाणी. दुसरीकडे ॲक्युपंक्चर आणि ठरावीक बिंदूंवर दाब. त्यातला एक बिंदू कंठमण्याच्या जरा वर असतो. यावर अभ्यास पुष्कळ झालेत, पण बरेच लहान आणि कच्चे आहेत. म्हणजे सुई जोडीला असू शकते, थेरपीच्या ऐवजी नाही.

आपल्याकडेही तोच हिशोब लावा. हातापायांना तेल चोळायचंय? डॉक्टरांना विचारून चोळा. पण काढा, चाटण, नाकात तेलाचे थेंब हे सगळं शेवटी घशातच जातं. तिथे घाई नको.

घरी आल्यावर पेशंटला ताठ बसवा. छोटा चमचा, एक घास गिळल्यावरच दुसरा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. पातळ चहा आणि पातळ आमटीतला भात सगळ्यात अवघड. किती घट्ट द्यायचं ते थेरपिस्ट सांगतील. जेवताना आवाज ओलसर, घरघरता झाला तर तिथेच थांबा.

आणि हो, हे काम स्पीच थेरपिस्टचं असतं! फक्त बोलायला शिकवणारे नव्हेत ते. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात आहे. डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "गिळणं तपासलंय का?"

आजोबा आता चहा पितात. जरा घट्ट, पण स्वतःच्या हाताने. हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या वेळी!