गोंधळ

लग्न पार पडले की पुष्कळ घरी गोंधळ घालतात. पाटावर तांदळाचा चौक भरतात. कलश मांडतात. दिवटी पेटवतात. संबळ वाजू लागला की गोंधळी नाचत नाचत देवांना हाका मारतो. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, आणि आपल्या शिवेवरचा म्हसोबासुद्धा! गावोगावची ही नावे तो उभ्या उभ्या गाण्यात बसवतो.

पुढे कथा लागते. साथीदार मध्येच काहीतरी वेडेवाकडे विचारतो. उत्तर तिथल्या तिथे सुचावे लागते.

मी एकदा वही घेऊन बसलो. सगळी कथा उतरवून घेतली. दुसऱ्या गावी तीच कथा ऐकली, तर निम्मी निराळी! म्हातारा गोंधळी म्हणाला, "अहो, माणसं बदलली नव्हं का?"

आता तो थकला आहे. मुलगा शहरात कामाला गेला. मी मात्र अजून वही घेऊनच जातो.