झडतीचा कागद

(जव्हार-मोखाडा भागातील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कायद्याच्या शिबिरात आपण घराबद्दल पुष्कळ बोलतो. मारहाण, पोटगी, जमिनीवरचे नाव. आज मी रस्त्याबद्दल बोलणार आहे. कारण इथल्या बाईचे बरेचसे आयुष्य रस्त्यावर जाते. भात झोडून झाले, दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे आणि बांधकामांकडे निघतात. पावसाच्या तोंडावर परततात. बाजार असो, दवाखाना असो, एस.टी. चुकली की जीप नाहीतर टेम्पो.

आपले रस्तेही असे की एक त्र्यंबक-नाशिककडे, एक सिल्वासाकडे, एक विक्रमगड-मनोरवरून मुंबईच्या महामार्गाला. सिल्वासा-दमणची स्वस्त दारू चोरून इकडे येते, म्हणून नाकाबंदी नेहमीची. निवडणुकीत ती वाढते. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या आधी शेजारच्या वाडा तालुक्यात एका गाडीत कोट्यवधींची रोकड सापडली होती. तेव्हा पोलिसांनी गाड्या थांबवूच नयेत, असे मी म्हणणार नाही. दारूने पाड्यापाड्यांवर काय केले ते आपण पाहिले आहे. दुकाने बंद करा म्हणून मोर्चे बायकांनीच काढले आहेत. थांबवल्यावर काय होते आणि त्याची नोंद कुठे राहते, हा आजचा प्रश्न आहे.

तपासणी वेगळी, झडती वेगळी

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गणवेशातला पोलीस ड्रायव्हरकडे लायसन्स आणि गाडीचे कागद मागू शकतो. ड्रायव्हरने ते दाखवले पाहिजेत. मोबाईलमधल्या डिजिलॉकरवरचे कागदही चालतात. हे ड्रायव्हरचे काम झाले. मागे बसलेल्या बाईच्या गाठोड्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘कागद दाखव’ म्हणणे ही तपासणी, ‘पिशवी उघड’ म्हणणे ही झडती. दोन्ही एका दमात होतात, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात.

झडतीचे नियम १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. या कायद्यात ‘जागा’ या शब्दाचा अर्थ दिला आहे. त्यात घर आणि इमारत येते, तंबू येतो आणि वाहनही येते. म्हणजे तपासासाठी घराची झडती घेताना जी पथ्ये पाळायची, ती जीपलाही लागतात.

ती पथ्ये साध्या भाषेत सांगते. वॉरंट नसताना तपासासाठी झडती घ्यायची तर अधिकाऱ्याने कारणे आधी लिहायची आणि त्यांची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. त्या भागातले दोन तटस्थ पंच बोलवायचे. घेतलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. ज्याच्या ताब्यातली जागा, त्याला हजर राहू द्यायचे आणि यादीची प्रत द्यायची. झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे. ही अट नव्या कायद्याने घातली आहे, आणि मोबाईलवर केले तरी चालते. दारूबंदी कायद्याखालची झडतीही साधारण याच रीतीने व्हायला हवी.

आणि बाईच्या अंगाची झडती फक्त बाईने, मर्यादा सांभाळून घ्यायची. इथे कायद्याने ‘दुसरी स्त्री’ असा शब्द वापरला आहे. नाक्यावर महिला शिपाई नाही, ही सबब पुरुषाच्या हाताला चालत नाही. महिला शिपाई येईपर्यंत थांबा, नाहीतर तिथल्याच एखाद्या बाईला बोलवा. निवडणुकीच्या काळात तर आयोगाची स्पष्ट सूचना असते की महिला अधिकारी असल्याशिवाय बाईची पर्स तपासायची नाही.

मोहफुले आणि मजुरी

बैठकांमध्ये बायका दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात. पहिली, मोहाच्या पोत्याची. पोते दिसले की ‘दारू गाळतेस काय?’ म्हणून दरडावणी सुरू होते. आपण हे नीट समजून घेऊ. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजावर आदिवासींचा मालकी हक्क मान्य केला. २०१२ मध्ये नियम दुरुस्त झाले. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. मोहफुलांवरची बंधनेही राज्य सरकारने २०२१ मध्ये सैल केली. विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा आहे, फुले नेणे ही मिळकत आहे. लाकूड मात्र गौण वनोपजात येत नाही, त्याची सरमिसळ करू नका. ज्या गावाची समिती चिठ्ठी देत नसेल, तिथे भांडण आधी आपल्या ग्रामसभेशी आहे.

दुसरी गोष्ट मजुरीच्या पैशाची. हंगाम संपला की भट्टीवाला हिशेब करतो. उचल कापून जे उरते ते बाईच्या कमरेला, नाहीतर पोराच्या झबल्यात बांधलेले असते. नाक्यावर विचारतात, ‘एवढे पैसे कुठून आणले?’ घाबरून ती उत्तर देऊ शकत नाही, आणि पाचशेची नोट कमी होऊन गाडी पुढे जाते. रोख पैसे जवळ बाळगणे हा गुन्हा नाही. निवडणुकीच्या काळातसुद्धा साधारण पन्नास हजारांपर्यंतच्या रकमेला अडवत नाहीत. त्याहून जास्त असली तरी पैसे घेतले की पावती, आणि ते परत मिळवण्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. भट्टीवाल्याकडून हिशेबाची चिठ्ठी घ्यायची सवय लावली तर त्याच्याशी भांडताना आणि नाक्यावर, दोन्हीकडे ती उपयोगी पडते.

चांगला शिपाई, वाईट शिपाई

काहीजणी म्हणतील, सगळे पोलीस तसे नसतात. खरे आहे. पण आपला हक्क समोरच्याच्या चांगुलपणावर टांगलेला असेल, तर तो हक्क कसला? ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात पोलिसांनी जालन्याकडे निघालेली एक गाडी अडवली. गाडीत सुमारे तीन कोटी होते आणि नोंदीत त्यातले निम्मेच दाखवले, असा आरोप झाला. पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला, एका महिला अधिकाऱ्यालाही अटक झाली. खरेखोटे न्यायालय ठरवील. आपण एवढे लक्षात ठेवू की नाक्यावर बाई अधिकारी असली म्हणजे सगळे आपोआप सरळ होते असे नाही. मोजदाद पंचांसमोर आणि चित्रीकरणात झाली तर चोराला जागा उरत नाही. प्रामाणिक शिपायावर उद्या खोटा आळ आला, तर त्यालाही तोच कागद वाचवतो.

आणखी एक कटू गोष्ट. झडती बेकायदा होती म्हणून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितले आहे. म्हणजे ‘पुढे कोर्टात बघून घेऊ’ यावर विसंबता येत नाही. नोंद त्याच वेळी, त्याच जागी व्हायला हवी.

कागदाची ही लढाई नवी नाही. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांपैकी पाचजणींनी कोठडीतल्या मारहाणीबद्दल सांगितले होते. त्या पत्रावर १९८३ मध्ये निकाल आला: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री पोलिसांचा पहारा, चौकशी स्त्री पोलिसांच्या हजेरीतच. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने सांगितले की अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव दिसले पाहिजे आणि अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे. एका बाईच्या पत्रानेही न्यायालय हलते, हे विसरू नका.

मग करायचे काय?

मला मोखाड्यात एकीने विचारले, ‘ताई, कागद मागितला तर जीप तासभर अडवतील. ड्रायव्हर म्हणतो, मावशी, देऊन टाका. पुढच्या खेपेला तो मला बसवणार नाही.’ तिचे म्हणणे खोटे नाही. रात्रीच्या वेळी, पोर कडेवर असताना एकटीने कायदा शिकवावा, अशी अपेक्षा मी करणार नाही. एकटीने एवढेच करावे: नाव, वेळ, जागा आणि पोलीस गाडीचा नंबर लक्षात ठेवावा. लिहिता येत नसेल तर घरी पोचल्यावर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्यावे.

बाकीचे काम संघटनेचे. दडपणाखाली लाच द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवले पाहिजे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही गुन्हा आहे, आणि हे सात दिवस हाच देणाऱ्याचा बचाव आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासून वेगळा आहे, तेव्हा तक्रार ठाण्याला नव्हे, पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे करायची. वकील लागला तर कोणत्याही बाईला आणि कोणत्याही आदिवासीला तो विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, उत्पन्न न बघता.

माझ्या तीन सूचना आहेत. नाक्यावर रात्रीही महिला शिपाई असावी आणि झडतीचे नियम मराठीत फलकावर लावावेत, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा. गेल्या वर्षात किती गाड्यांची झडती झाली, किती पंचनामे झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला फी नाही. आणि प्रत्येक गटाने एक वही ठेवावी, त्यात नाक्यावरच्या हकिगती तारीखवार उतरवाव्यात.

एकीची हकिगत ही गाऱ्हाणे ठरते. चाळीसजणींच्या हकिगती, त्याच नाक्याच्या, तारखांसकट पुढे ठेवल्या की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. भट्ट्यांवरून माणसे परतायच्या आत वह्या घालून घेऊ या. कोण कोणत्या पाड्याची वही घेणार, ते आता इथेच ठरवू.