काँक्रीटची भिंत आणि सेंटरिंगवाला

जपानमधील नाओशिमा बेटावर कलासंग्रहालयाशेजारी १९९५ साली टेकडीवर एक निवासगृह झाले. खोल्या अवघ्या सहा; वर जायला छोटी मोनोरेल. वास्तुकार तादाओ आंदो कुठल्याही वास्तुविद्यालयात शिकलेले नाहीत. मला ते आपल्यातलेच वाटतात!

तिथे राहिलो तेव्हा माझी नजर चित्रांपेक्षा भिंतींवरच खिळली. गिलावा नाही, रंग नाही, उघडे काँक्रीट. अशा भिंतीत सेंटरिंगवाल्याची चूक लपत नाही. फळी कणभर सरकली की तो डाग इमारत उभी असेतो राहणार. आंदोंचे नाव जगभर झाले. पण ते सुतार कोण?

बेटाच्या उत्तरेला १९१७ पासून तांबे गाळण्याचा कारखाना आहे. निवासगृह दक्षिणेला. सकाळी मी उत्तरेच्या रस्त्याची चौकशी केली.