दिवा धरणारा तिसरा हात



आपल्यांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं एक बिनपगारी नोकरी केलेली आहे. रात्रीं घरांतला फ्यूज उडाला, किंवा शिवणयंत्राचा पट्टा निसटला, कीं वडील मंडळी दुरुस्तीला बसत आणि दिवा धरण्याचें काम आपल्याकडे येई. "जरा इकडे धर! अरे, माझ्या डोळ्यांवर नको, कामावर धर!" हे शब्द ऐकले नाहींत असा मुलगा विरळाच. बिचाऱ्याचा अपराध एवढाच कीं, त्याचा हात अवघडून जाई. मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यांतही गाडीखालीं निजलेल्या मिस्त्रीशेजारीं दिवा धरून बसलेलें पोर कित्येकांनीं पाहिलें असेल. आज मला ज्या दिव्याविषयीं बोलावयाचें आहे, तो या मुलाची सुटका करणारा दिवा होय. वाटेल तेथें नेतां यावा आणि मिळेल त्या पृष्ठभागाला त्यानें स्वतःच धरून राहावें, असा हा कामाचा दिवा.

दिवा ठेवावा कोठें, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनीं आपल्यापरी नीट सोडविला होता. समई जमिनीवर उभी राही, लामणदिवा सांखळीनें आढ्याला लटके, पणतीसाठीं भिंतींतच कोनाडा असे आणि कंदील खुंटीला अडके. प्रत्येक दिव्याला ठरलेली जागा आणि प्रत्येक जागेला ठरलेला दिवा. परंतु बिघाड कांहीं कोनाडा पाहून होत नाहीं. तो मोरीच्या नळामागें होतो, जिन्याखालच्या मीटरपाशीं होतो, मोटारीच्या बॉनेटखालीं होतो. तेथें या चौघांचेही आधार एकाच दिव्याच्या अंगीं असावे लागतात.

मेजावरील दिव्यापुरता हा प्रश्न इंग्लंडांतील बाथ येथील जॉर्ज कार्वर्डाईन या अभियंत्यानें १९३२ च्या सुमारास सोडविला. मोटारींच्या स्प्रिंगांचा तो जाणकार. स्प्रिंगांच्या ताणानें दिव्याचें वजन तोलून धरावें, म्हणजे बोटानें ढकलतांच तो सरकेल आणि सोडतांच तेथेंच थांबेल, अशी त्याची योजना होती. पण त्या दिव्याला जड बैठक लागे आणि विजेची तारही लागे. या दोन्हींतून सुटका होण्यास आणखी पन्नास-साठ वर्षें जावीं लागलीं. निओडिमियमचा प्रबळ लोहचुंबक १९८० नंतरच्या दशकांत तयार झाला. लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं बाजारांत आली. आणि त्याच दशकांत तेजस्वी निळा एलईडी सिद्ध होऊन त्यापासून पांढरा प्रकाश मिळूं लागला. या शेवटच्या कार्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. प्रकाश, विजेचा सांठा आणि पकड हीं तिन्ही हलकीं झालीं, तेव्हां दिवा खऱ्या अर्थानें पाय मोकळे करूं शकला.

आतां पृष्ठभागांकडे वळूं. लोखंडाला लोहचुंबक चिकटतो. पण येथें एक फसगत असते. चुंबकाची सांगितली जाणारी ताकद ही बहुधा तो सरळ ओढून काढण्यास लागणारी ताकद असते. उभ्या पत्र्यावर दिवा ओढला जात नाहीं, तो घसरतो. आणि ती घसरण थांबविणारें घर्षण गुळगुळीत पत्र्यावर त्या ताकदीचा लहानसा अंशच असतें. रंगाचा जाड थर मध्यें आला तर पकड आणखी घटते. म्हणून जाणता रचनाकार चुंबकावर रबराचें पातळ आवरण चढवितो. त्यानें ओढ थोडी कमी होते, पण घर्षण वाढतें आणि पत्र्यावर ओरखडाही उठत नाहीं. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या कित्येक जाती मात्र चुंबकाला मुळींच दाद देत नाहींत.

कांचेवर रबरी वाटी कामास येते. वाटी दाबून आंतील हवा घालविली, कीं बाहेरची हवा तिला दाबून धरते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलोग्रॅम; तेव्हां ६ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीवर, ती अगदीं निर्वात झाली तर, सुमारें २८ किलोग्रॅमचा भार पडतो. पण खरबरीत गिलाव्यावर हवा कडेनें आंत शिरते आणि दिवा खालीं येतो. नळीला किंवा फळीला चिमटा हवा. त्याच्या जबड्यांत तिरप्या बाजूंची खांच असली तर गोल नळी घट्ट बसते व दिवा गरकन् फिरत नाहीं. आणि जेथें यांपैकीं कांहींच चालत नाहीं, तेथें जुन्या कंदिलाची कडी, म्हणजे साधा आकडा, उपयोगीं पडतो.

दिव्यानें धरून राहिलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्याला वळतांही आलें पाहिजे. लहानशा दिव्याचें अंतर निम्में केलें तर कामावर सुमारें चौपट उजेड पडतो. म्हणून तेज वाढविण्यापेक्षां दिवा जवळ आणणें शहाणपणाचें, आणि तो बाजूनें आणावा, म्हणजे आपल्याच हाताची सावली कामावर पडत नाहीं.

शेवटीं जिवाची गोष्ट. ओल्या टांकींत किंवा बॉयलरच्या पोटांत घरगुती दाबाच्या विजेचा हातदिवा नेला आणि तारेचें आवरण फाटलेलें असलें, तर तो प्राणघातक ठरतो. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमांत अशा कोंदट जागीं २४ व्होल्टांवरील हातदिव्यांवर निर्बंध घातलेला होता. बॅटरीच्या दिव्यानें हें भय पुष्कळ कमी केलें. तरी पेट्रोलची वाफ असेल तेथें साधा बॅटरीचा दिवाही नेऊं नये. साधा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सियसच्या पुढें दुबळा होऊं लागतो, म्हणून तापलेल्या इंजिनाला तो लावूं नये. हृदयांत पेसमेकर बसविलेल्या माणसानें असा दिवा छातीजवळ धरूं नये. आणि डोक्यावर टांगलेल्या दिव्याला एक दोरी अधिक बांधावी. पकड सुटली तरी दोरी राखते.

दुकानांत दिवा पारखतांना आपण डोळे दिपतात कीं नाहीं एवढेंच पाहतों. त्याऐवजीं तो उभ्या पत्र्याला लावून पाहावा, हलकेच धक्का द्यावा आणि कामाचा हात न काढतां तो वळवितां येतो का, हें पाहावें. या परीक्षेंत तो उतरला तर घरांतील मुलाचा हात मोकळा होईल. मग त्या मुलाला खेळावयास पाठवूं नका. शेजारीं बसवून घ्या. इतके दिवस तो दिवाच धरून होता, आतां त्याला काम पाहूं द्या.