मोबाईलमधली पेटी आणि आपल्या भिंतीवरची पाटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या बालमित्रांनो,

तुमची मान कायले खाली आहे ते मला इथून दिसते. चालू द्या. आजचा विषय तुमचाच आहे.

कमिटीनं मला विषय दिला होता ‘विज्ञान : शाप की वरदान’. मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. या विषयावरचे निबंध ऐकता ऐकता केस पांढरे झाले. म्हणून परवानगी घेऊन विषय थोडा बदलला. सोसायटीत कोणाकडेही चहाला गेलो की वहिनी एकच सांगतात, “सर, पोट्टं मोबाईल सोडतच नाही. तुम्ही सांगून पाहा.” तर आज मुलांच्या मोबाईल गेमबद्दल बोलतो. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर जेवताना भांडू.

पहिली गोष्ट, हा खेळ विज्ञानाच्याच घरातला आहे. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाचा शास्त्रज्ञ होता. लोक प्रयोगशाळा पाहायला यायचे आणि मुक्या यंत्रांपुढे कंटाळायचे. त्यानं ऑसिलोस्कोपच्या गोल पडद्यावर टेनिस उभं केलं. एक रेघ म्हणजे जमीन, मध्ये छोटी रेघ म्हणजे नेट, आणि एक चमकता ठिपका म्हणजे चेंडू. खेळायला रांगा लागल्या. ठिपका कसा उडेल, टप्पा कसा घेईल, याचं गणित तेच, जे मी अकरावीला ‘प्रक्षेप्य गती’ म्हणून शिकवत होतो आणि अर्धा वर्ग झोपत होता.

पुढचंही ऐका. गेममधली चित्रं झपाट्यानं हलावीत म्हणून जी ग्राफिक्स कार्डं निघाली, त्यातलीच बाजारात मिळणारी दोन कार्डं वापरून २०१२ साली टोरांटोच्या संशोधकांनी संगणकाला फोटो ओळखायला शिकवलं. आज ज्या एआयची एवढी चर्चा आहे, तिला तिथून मोठा जोर मिळाला. आपल्या पुण्यातल्या तरुणांनी २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम जगापुढे आणला. त्यात एक मुलगी आपल्या भावाला शोधायला निघते. आणि लॉकडाऊनमध्ये आपण सगळे जो लुडो खेळत होतो, तो नवी मुंबईच्या कंपनीचा. बी विंगमधल्या आजी तेव्हा अमेरिकेतल्या नातवाची सोंगटी मारून कशा ओरडायच्या, ते चौथ्या मजल्यावर ऐकू यायचं. तेव्हा कोणी म्हटलं नाही की आजी बिघडल्या.

म्हणून ‘गेम वाईट’ असं सरसकट मी म्हणणार नाही. मला भीती दुसऱ्या गोष्टीची आहे, ती सांगतो.

मागच्या दिवाळीत अकोल्याला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. घरात सुतकासारखी शांतता. आठवीतल्या मुलानं आजोबांच्या मोबाईलवरून गेममध्ये ३,८४० रुपये घालवले होते. सोयाबीनचा चुकारा नुकताच जमा झाला होता, त्यातले. बापानं मुलाला मारलं होतं, मोबाईल आपटला होता, आणि मुलगा दोन दिवस जेवायला सगळ्यांसोबत बसत नव्हता. गेमचं नाव घेत नाही, मुलाचं तर नाहीच.

आजोबा मात्र त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “काय घेतलं रे बापू एवढ्याचं? मले समजावून सांग.” मुलगा हळूहळू बोलता झाला. गेममध्ये एक पेटी असते. एक पेटी ४० रुपयाला. उघडली की काहीतरी निघते, पण त्याला पाहिजे होती ती सोनेरी बंदूक निघायची शक्यता शंभरात एक. तसं तिथं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. यानं ९६ पेट्या उघडल्या. “आबाजी, फक्त चारच राहिल्या होत्या!” असं म्हणून तो रडायला लागला.

आजोबा म्हणाले, “हे तं वरली आहे बापू!” त्यांच्या तरुणपणी गावात वरली-मटक्यापायी दोन घरांची शेतं गेली होती. स्क्रीनवरची चमक त्यांना कळत नव्हती, पण जात लगेच ओळखली.

मी तिथं मास्तर, मला राहवेना. वही घेतली आणि मुलाला म्हटलं, तुला वाटते शंभर पेट्यांत एक बंदूक ठेवलेली आहे, ९६ झाल्या, म्हणजे चारांत ती असणारच. पण पेटीला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक पेटी पहिलीच. एका पेटीत बंदूक न निघण्याची शक्यता ०.९९. शंभर वेळा ०.९९ गुणले की येते ०.३७ च्या आसपास. म्हणजे शंभर मुलांनी प्रत्येकी ४,००० रुपये घालवले, तरी त्यातली ३७ मुलं रिकाम्या हातानं उठतील. आणि तुझ्या उरलेल्या चार पेट्यांत बंदूक निघण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के. त्यानं स्वतः कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. रडणं थांबलं, पण चेहरा रागावला. गेमवर. तो राग मला फार आवडला.

स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दाणा मिळेल, पण कितव्या वेळी ते ठरलेलं नाही, असं केलं की कबूतर चोच मारतच राहते. पेटी बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. आपल्या लेकरांना ठाऊक नाही, एवढाच फरक.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, पुढे तो प्रकार दुसऱ्या नावानं आला, पुन्हा बंद झाला, पुन्हा आला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला, चांगलं झालं. पण या पेटीतून पैसे निघत नाहीत, बंदूक निघते. तिच्यावर नजर घरालाच ठेवावी लागेल. आजोबा-आजींनो, यूपीआयचा पिन नातवाला सांगू नका, कितीही लाडका असला तरी.

आणि पोरगं दोन तास खेळलं की लगेच ‘व्यसन’ म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे, पण त्याच्या खुणा कडक आहेत : स्वतःवर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडते, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते. असं असेल तर डॉक्टरकडे न्या. नसेल तर आधी बाजूला बसून पाहा, काय खेळतो ते.

आता आपल्या सोसायटीबद्दल. इथं थोडा कडू होतो.

मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. दुपारी लेकरू कूलरसमोर मोबाईल घेऊन बसणार, दुसरं करणार काय? ते मी समजू शकतो. पण संध्याकाळी साडेसहाला? २५ वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा मागच्या ओपन स्पेसमध्ये कंचे, लंगडी, डाबडुबली चालायची. ती कडुलिंबाची फांदी डाबडुबलीतच मोडली, ज्यानं मोडली तो आज कमिटीत आहे. आता तिथं ११ कार उभ्या राहतात आणि भिंतीवर पाटी आहे : ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ चेंडू काचेला लागतो, मान्य. पण खेळायला मनाई करणारी पाटी आपण लावायची आणि वर मुलं खोलीत बसून खेळतात म्हणून मला चहाला बोलवायचं, हे काही जमत नाही.

आणि हे कुठं? अमरावतीत! इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं, १९१४ साली सुरू झालेल्या आपल्या आखाड्यानं, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी आणि आपले देशी खेळ जगाला दाखवले. त्या गावात आपण मुलांना एक कबड्डीचं मैदान आखून देऊ शकत नाही? कबड्डीला चेंडूही लागत नाही, काच फुटायचा प्रश्नच नाही.

माझी मागणी छोटी आहे. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात त्या ११ गाड्या समोरच्या रस्त्याकडेला लावायच्या. त्यात माझी पण एक आहे, ती उद्यापासून बाहेर. आणि ती पाटी उतरवायची. पुढच्या आमसभेसाठी तसा ठराव मी लिहून आणला आहे. सूचक म्हणून माझी सही झाली, अनुमोदक पाहिजे. कागद जेवणाच्या टेबलावर ठेवतो, पेन पण आहे. आणि मागच्या रांगेतल्या मंडळींपैकी ज्यांना ०.९९ चं गणित स्वतः करून पाहायचं असेल, त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे या. मोबाईल घेऊनच या, कॅल्क्युलेटर लागेल.