तरवड : कोरडवाहू गावाचे फुलझाड

(शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भाद्रपद सरत आला, की माण, सांगोला, जत, आष्टी यांसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत माळ, बांध आणि रस्त्यांच्या कडा पिवळ्याधमक फुलांनी उजळून निघतात. ते झुडूप तरवडाचे होय. घटस्थापनेच्या दिवसांत घटावर सोडावयाच्या माळेसाठी ही फुले अनेक घरांत अगत्याने आणली जातात. तथापि माळ सुकली, की पुढच्या आश्विनापर्यंत तरवडाचे नाव कोणाच्या ओठी येत नाही. शाळेच्या आवारात तो आपोआप उगवला, तर गवताबरोबर कापला जातो. त्याच जागी बाहेरून आणलेली, रोज पाण्याची सवय लागलेली शोभेची रोपे लावण्यात येतात. मग मे महिन्याची सुटी लागते. पाणी घालावयास विद्यार्थी नसतात, गावच टँकरची वाट पाहत असते, आणि लावलेल्या रोपांपैकी बरीचशी जळून जातात. जूनमध्ये पुन्हा खड्डे, पुन्हा रोपे, पुन्हा खर्च. असे कित्येक शाळांच्या व पंचायत कार्यालयांच्या आवारात वर्षानुवर्षे घडत आलेले आहे.

तरवडाविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे. तो रानात आपोआप वाढतो, त्याला लावावे लागत नाही, असे लोक मानतात. हा समज निम्माच खरा आहे. रानातला तरवड रस्ता रुंदीकरणात जातो, बांध कोरताना जातो, आणि नवरात्रात तर फांद्यांसकट ओरबाडला जातो. उलट, ज्यांनी हौसेने तो अंगणात लावून पाहिला, त्यांपैकी अनेकांच्या हाती निराशा आली, कारण त्यांनी त्याला जास्वंदीसारखे वागविले. तरवडाला फार थोडे लागते. पण जे लागते ते वेळेवर आणि त्याच्या पद्धतीनेच द्यावे लागते.

प्रथम ओळख पटवून घेणे अगत्याचे आहे. तरवड हे बहुवर्षायू झुडूप असून ते साधारणपणे माणसाच्या उंचीइतके, क्वचित त्याहून उंच वाढते. लिनीअसने १७५३ मध्ये त्याला ‘कॅशिया ऑरिक्युलाटा’ असे नाव दिले होते. आज ते ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’ या नावाने ओळखले जाते. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कानाच्या आकाराचे. पानाच्या देठापाशी दोन्ही बाजूंस कानाच्या पाळीसारखी मोठी, पसरट उपपर्णे असतात, त्यांवरून हे नाव पडले. ही उपपर्णे हीच तरवडाची सर्वांत सोपी खूण. पावसाळ्यात उगवणारा टाकळा हा त्याचाच भाऊबंद, परंतु तो एका हंगामात उगवून मरतो आणि त्याला असे ‘कान’ नसतात. तरवडाची शेंग चपटी, पातळ, वाळल्यावर कागदासारखी होणारी असते. पर्णिका रात्री मिटतात, सकाळी उघडतात. संध्याकाळी आवारात थांबणाऱ्या वसतिशाळेतील मुलांना हे सहज दाखविता येते.

शिक्षकांच्या दृष्टीने खरे पाठ्यपुस्तक आहे ते फुलात. पाच पाकळ्या, कडांना किंचित चुण्या पडलेल्या. आत दहा पुंकेसर, पण सर्व सारखे नाहीत. वरचे तीन वांझ असतात. मधले आखूड पुंकेसर जणू पाहुण्याच्या पानात वाढण्यासाठी असतात, तर खालचे लांब, वाकलेले पुंकेसर पाहुण्याच्या अंगावर नकळत पराग टाकतात. या फुलात मध नाही. परागकोश इतर बहुतेक फुलांप्रमाणे उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्र असते, मिठाच्या डबीला असावे तसे. त्यातून पराग बाहेर काढावयाचा, तर फूल हलवावे लागते. काळा भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न फडफडविता छातीचे स्नायू थरथरवितो, आणि त्या कंपनाने पराग धुरासारखा बाहेर उडतो. जवळ उभे राहिल्यास त्या क्षणी गुणगुणण्याचा स्वर एकदम चढलेला ऐकू येतो. मधमाशीला ही विद्या अवगत नाही. ती सांडलेल्या परागावर समाधान मानते. म्हणजे ज्या आवारात भुंग्याला राहावयास जुने लाकूड, वाळका बांबू उरलेला नाही, तेथे तरवड फुलेल पुष्कळ, पण शेंगा धरण्यात उणा पडेल. एखाद्या वर्गाने सकाळी आठ ते नऊ या वेळात कोणते कीटक किती वेळा आले, एवढीच नोंद आठवडाभर ठेवली, तरी परागीभवनाचा धडा फळ्यावर लिहिण्याची गरज उरणार नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानी ठेवावी. तरवडाला शेंगा येतात, तो शिंबावंत कुलातील आहे, म्हणून त्याच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी असणारच, असे गृहीत धरून चालणार नाही. सेन्ना प्रजातीतील वनस्पतींच्या मुळांवर सहसा अशा गाठी आढळत नाहीत. मूग उपटून गाठी दाखवाव्यात, शेजारी तरवडाचे रोप उपटून त्या नसल्याचे दाखवावे. अपवाद दाखविल्याने नियम अधिक पक्का समजतो.

या झुडपाचा पूर्वी मोठा व्यापार होता, हे आता फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याच्या सालीत टॅनिन विपुल असल्याने कातडी कमावण्यासाठी ती वापरीत. तामिळनाडूतील चर्मोद्योगात ‘आवारम’ची साल म्हणून जी नावाजली होती, ती हीच. पुढे दक्षिण आफ्रिकेकडून आलेल्या वॅटलच्या सालीने तिला मागे सारले. शेजारच्या तेलंगणात तरवडाला ‘तंगेडू’ म्हणतात. बतुकम्मा सणात फुलांची जी उतरंड रचतात तिच्यात त्याला मानाचे स्थान आहे, आणि २०१४ मध्ये त्या राज्याने त्याला राज्यपुष्पाचा दर्जा दिला. घरगुती औषधांत पाने, फुले व बिया वापरल्या जातात. तथापि मधुमेहासारख्या विकारात डॉक्टरांचे औषध बंद करून तरवडाचा काढा घेणे धोक्याचे आहे, एवढे येथे सांगणे पुरे.

आता लागवडीकडे वळावयाचे. बी ताजे व भरलेले घ्यावे. छिद्र पडलेले बी आतून किडीने खाल्लेले असते, ते वेचून टाकावे. बियांचे कवच इतके टणक असते, की तसेच पेरलेले बी पुष्कळदा वर्ष-दोन वर्षे मातीत पडून राहते. अनेकांची लागवड फसते ती येथेच. पाण्याला उकळी आणून भांडे चुलीवरून उतरवावे, थोडा वेळ थांबून ते पाणी बियांवर ओतावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. बी पाण्यात ठेवून उकळू मात्र नये. सकाळी जी बिया फुगलेली दिसतील ती पेरणीस तयार समजावी. जी फुगली नसतील ती पॉलिश कागदावर किंवा खरबरीत दगडावर हलकेच घासून पुन्हा भिजत घालावी.

पेरणी मृगाचा पाऊस झाल्यावर, झाड जेथे वाढवावयाचे तेथेच करावी. तरवडाचे सोटमूळ लवकर खोल जाते, त्यामुळे मोठे रोप उपटून लावलेले त्याला सोसत नाही. पिशवीत रोपे करणे भागच असेल, तर उंच पिशवी घ्यावी आणि मूळ तळाशी गुंडाळण्यापूर्वीच, पावसाळ्याच्या आरंभी, रोप जागेवर लावावे. फूटभर खोल खड्डा पुरेसा आहे. मुरमाड जमीन चालते, खडकाळ चालते, काळीही चालते. चालत नाही ती पाणी साचणारी. हातपंपाच्या सांडपाण्याजवळ किंवा पागोळ्यांखाली तरवड लावू नये, मुळे कुजतात. जागा दिवसभर उन्हाची असावी. वडाच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत झुडूप वाढेल, पण फुलणार नाही. प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन बिया बोटाच्या एका पेराइतक्याही खोल न जातील अशा टोकाव्यात. कुंपण करावयाचे असल्यास दोन-दोन फुटांवर, सुटी झुडपे हवी असल्यास पाच-सहा फुटांवर. पुढे जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत.

पहिला पावसाळा संपल्यावर येणारा उन्हाळा ही एकच परीक्षा. त्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी रोपास तांब्याभर पाणी व बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन दिले, की काम भागते. दुसऱ्या वर्षापासून पाणी देऊ नये. हे वाक्य अनेकांना कठोर वाटेल, आणि प्रत्यक्षात हौशी माळ्याकडून पाळले जात नाही तेही हेच. नेहमी पाणी आणि वर युरिया मिळालेला तरवड पानांनी माजतो, फांद्या लुसलुशीत होऊन वाऱ्याने मोडतात. गुरे व शेळ्या याला सहसा तोंड लावीत नाहीत, हा कुंपणाच्या दृष्टीने मोठाच गुण. पण कोवळे रोप पायाखाली तुडविले जाते, म्हणून पहिले वर्षभर भोवती बाभळीच्या काट्या रोवाव्यात. पहिल्या वर्षी फुलांची अपेक्षा धरू नये.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या, की फवारणीचा पंप शोधण्याची घाई होते. त्या बहुधा फिकट, हिरवट-पांढऱ्या फुलपाखराच्या असतात. पाने पुन्हा फुटतात. शाळेच्या आवारात तर कीटकनाशकाचे नावच नको.

शाळेसाठी पिवळ्या फुलांचे दुसरे झाड म्हणून पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, सर्रास लावली जाते. तिच्या बिया अत्यंत विषारी आहेत आणि लहान मुले त्या खेळावयास घेतात. जेथे लहान वर्ग भरतात तेथे ती असू नये.

छाटणी हा तरवडाच्या निगेचा गाभा आहे. फुले नव्या फुटव्यांच्या टोकांवर येतात. छाटणी न केल्यास झुडूप खालून उघडे पडते आणि फुले हाताबाहेर उंच जातात. शेंगा काढून झाल्यावर, वैशाखात, झुडूप गुडघ्याइतके ठेवून छाटावे. पाऊस पडताच भरपूर फुटवे येतात. जुने, वठलेले झुडूपही याच रीतीने पुन्हा तरुण होते. मात्र सर्व झुडपे एकाच वर्षी न छाटता निम्मी आलटून पालटून छाटावीत, म्हणजे आवार उघडे दिसत नाही.

नवरात्रातील तोडणी ही छाटणी नव्हे. ती ऐन बहरात होते, आणि फुलांबरोबर त्या वर्षीच्या शेंगाही जातात. सालोसाल असे झाले, तर जुनी झुडपे उभी राहतील, पण त्यांच्याखाली नवे रोप उगवणार नाही. माळेला फुले लागतात, फांद्या लागत नाहीत. ग्रामपंचायतीने आपल्या जागेत तरवडाचे कुंपण केल्यास गावच्या घटांपुरती फुले तेथूनच खुडता येतील. त्यासाठी प्रत्येक झुडपाची निदान निम्मी फुले शेंगांसाठी राखावीत, असा दंडक घालता येईल. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. तिच्यात तरवडाचे केवळ नाव लिहून न थांबता तो कोणत्या गटात, कोणत्या बांधावर दाट आहे, हेही लिहावे. रस्त्याचे काम निघाले, की कोणती झुडपे वाचवावयाची आणि बी कोठून घ्यावयाचे, हे ठरविण्यास ती नोंद उपयोगी पडेल.

बी गोळा करावयाचे ते हिवाळा सरताना, शेंगा तपकिरी होऊन हलविताच वाजू लागल्या म्हणजे. उशीर झाल्यास किडे आधी पोचतात. शेंगा दोन दिवस उन्हात वाळवून हाताने चोळाव्यात, बी पाखडून चाळलेल्या राखेत मिसळावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर गावाचे नाव व वर्ष लिहून ठेवावे. टणक कवचामुळे ते मृगापर्यंत तर टिकतेच. एखाद्या वर्षी पाऊस ओढला आणि पेरणी झाली नाही, तर पुढच्या वर्षीही उपयोगी पडते.