पडायला शिकताना

(पुण्यात मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलायला बोलावलं तेव्हा विषय ठरला होता 'परदेशातल्या भारतीय बायकांचे प्रश्न'. त्यावर मी बोलू शकते, माझं कामच ते आहे. पण परवा चहा घेताना मी सहज म्हणाले की मी बर्फावर स्केटिंग करते, क्लबात आहे, स्पर्धेतही उतरले आहे. तेव्हा तुम्ही आधी हसलात आणि मग म्हणालात, 'तेच सांग.' म्हणून तेच सांगते. फिरून फिरून गाडी पहिल्या विषयावर येणारच आहे.

२०१८ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे मी मिनेसोटाला गेले. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं हे राज्य. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो. माझा व्हिसा 'एच-फोर', म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा. या व्हिसावर राहता येतं, शिकता येतं, पण पगारी काम करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी आधी नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोचावी लागते. आमची पोचली नव्हती. इथे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, वस्त्यांमध्ये पाच वर्षं काम केलेली मी तिथे एकदम कुणाची तरी 'डिपेंडंट' झाले. बँकेचं खातं, घराचा करार, विमा, सगळीकडे आधी त्याचं नाव. तो वाईट माणूस नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही सगळा वेळ त्याच्याकडे बोट दाखवत बसणार नाही.

आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर बर्फाचं मैदान होतं, छताखालचं, बारा महिने चालणारं. जानेवारी २०१९ मध्ये मी तिथे ऊब मिळेल म्हणून शिरले. बर्फाच्या मैदानात ऊब शोधणारी मी एकटीच असेन! भिंतीवर पाटी होती, 'प्रौढांसाठी प्राथमिक वर्ग'. भाड्याचे बूट वर्गाच्या फीतच मिळत होते. मी नाव घातलं.

पहिल्या दिवशी शिक्षिकेने चालायला शिकवलं नाही, पडायला शिकवलं. गुडघे वाकवा, खुर्चीत बसल्यासारखं खाली या आणि एका बाजूला घसरा. हात मागे टेकू नका, मनगट मोडतं. पडल्यावर बोटं मुठीत घ्या, कारण मागून येणाऱ्याच्या पात्याला धार असते. मग गुडघ्यावर या, एक पाऊल पुढे ठेवा आणि उठा. आम्ही अकराजण अर्धा तास पडत आणि उठत होतो. त्यात साठीची एक निवृत्त परिचारिका होती, बस चालवणारी एक बाई होती, दोन पुरुष होते. पुरुष पडले की हसायचे. आम्ही बायका पडलो की आधी आजूबाजूला बघायचो, आणि 'सॉरी' म्हणायचो. कोणाला म्हणायचो? बर्फाला?

खेळाबद्दल थोडं सांगते. स्केटच्या पात्याला खाली मधोमध पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना धार. एक आतली, एक बाहेरची. सरळ उभं राहिलं तर नुसतं पुढे जाता येतं. वळायचं असेल तर एका धारेवर कलावं लागतं, आणि कलायचं म्हणजे पडण्याच्या दिशेने अंग झोकायचं. लहान मुलं हे सहज करतात. तिशीतल्या बाईला पाठीचा कणा सैल सोडायलाच वर्ष लागतं. मला बाहेरच्या धारेवर उलटं जायला चौदा महिने लागले, आणि तेवढ्यात मार्च २०२० आला, मैदानं बंद झाली. परत उघडल्यावर बरंचसं पहिल्यापासून.

२०२१ मध्ये मी क्लबाची सभासद झाले. तिथे क्लब म्हणजे आपल्याकडच्या क्रीडा मंडळासारखीच संस्था. वर्गणी, कार्यकारिणी, वार्षिक सभा, भांडणं, सगळं आहे. असे क्लब १९२१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेला जोडलेले असतात. क्लबाचं मुख्य काम बर्फ विकत घेणं. मैदानाचा तास भाड्याने घ्यायचा आणि सभासदांना वाटायचा. मिनेसोटात हॉकीचं वेड आहे. आमच्या मैदानावर संध्याकाळचे चांगले तास हॉकीला जात, त्यात बहुतेक मुलगे, आणि आमच्या क्लबाला पहाटेचे सहा. आमच्या क्लबात मुली जास्त. पाण्याच्या नळावर आधी नंबर कोणाचा, हे आपण वस्तीत बघतोच ना, तसंच.

सभासदत्वाचं कार्ड आलं. त्या देशात आल्यापासून माझ्या नावाने, कोणाचीही बायको म्हणून न आलेलं ते पहिलं कार्ड. मी ते बराच वेळ हातात धरून बसले. पण वर्गणी भरली होती ती नवऱ्याच्या पगारातून, हेही खरं. बूट, पाती, धार लावणं, बर्फाचे तास, शिकवणीची फी, हा स्वस्त खेळ नाही. मी एका वहीत पै-पै लिहून ठेवत असे. त्याने कधी हिशेब मागितला नाही. पण तो मागत नाही, हे मला दर वेळी जाणवायचं. सासूबाई फोनवर म्हणायच्या, 'आधी एक मूल होऊ दे, मग कर उड्या.' माझी आई काय म्हणाली? तेच, जरा गोड शब्दांत.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती मला क्लबातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी बूट बांधता बांधता सांगितली आणि मी घरी जाऊन वाचली. १९०२ साली लंडनमध्ये जागतिक स्पर्धा झाली. नियमात 'फक्त पुरुष' असं कुठे लिहिलंच नव्हतं, कारण बाई येईल हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. मॅज सायर्स नावाच्या इंग्रज बाईंनी नाव दिलं आणि त्या दुसऱ्या आल्या. पहिले आले स्वीडनचे उलरिक साल्को. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने बायकांना बंदी घातली. कारणं ऐका. लांब झग्यामुळे पाय दिसत नाहीत, मग गुण कसे द्यायचे? परीक्षकाची कोणी प्रेयसी स्पर्धेत असली तर? सायर्सबाईंनी झगा पोटरीपर्यंत आखूड केला आणि खेळत राहिल्या. १९०६ मध्ये बायकांची वेगळी स्पर्धा दावोसला सुरू झाली, ती त्यांनी जिंकली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचं सुवर्णपदकही त्यांचंच.

गंमत पुढेच आहे. १९०३ मध्ये झगा आहे म्हणून बंदी, आणि १९८८ मध्ये त्याच संघटनेने बायकांना स्पर्धेत झगा सक्तीचा केला! ती सक्ती २००४ मध्ये उठली. म्हणजे झगा घालायचा की नाही हा प्रश्न कधी नव्हताच, कोणी ठरवायचं हा होता. आणि आम्ही नवशिक्या ज्या पहिल्या उड्या शिकतो त्यांतल्या एकीचं नाव 'साल्को'. सायर्सबाईंच्या नावाची मात्र एकही उडी मला शिकवली गेली नाही.

दुसरं नाव मेबल फेअरबँक्स. या कृष्णवर्णीय बाईंना १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मैदानात शिरू दिलं नव्हतं. स्पर्धांची दारं त्यांना बंदच राहिली. पुढे त्यांनी इतरांना शिकवलं, आणि १९९७ मध्ये त्याच खेळाच्या अमेरिकन सन्मानयादीत त्यांचं नाव लागलं. तेव्हा त्या ऐंशी ओलांडून गेल्या होत्या.

तर, २०२२ च्या वसंतात मी स्पर्धेत उतरले. प्रौढांच्या स्पर्धेत पातळ्या असतात आणि वयोगट असतात. आमचा गट २१ ते ३५ वर्षांचा, पाचजणी, पातळी खालून दुसरी. एका फेरीच्या साध्या उड्या, दोन गिरक्या, सगळं दोन मिनिटांच्या आत. शिक्षिका म्हणाली, 'तुझ्याकडचं संगीत आण.' तिला हिंदी सिनेमातलं गाणं हवं होतं, हे मला कळलं. मी मुद्दाम साधा पियानो नेला. सगळ्याजणी आपापल्या देशाची जाहिरात करायला थोड्याच आल्या होत्या! कपड्यांत काळी विजार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. कोणीतरी सुचवलं की परीक्षकांना झगा आवडतो. मी त्यांना सायर्सबाईंची गोष्ट सांगितली.

ध्वनिक्षेपकावरून माझं नाव पुकारलं, आडनावाची पुरती चाळण करून. साल्कोवर मी पडले. शिकवल्याप्रमाणे बाजूला, मुठी आवळून. उठले, आणि 'सॉरी' म्हणाले नाही. चौथी आले. नवऱ्याने मोबाईलवर चित्रण केलं होतं, त्यात माझ्यापेक्षा कठडाच जास्त दिसतो.

त्याच वर्षी मला कामाचा परवाना मिळाला आणि घरात मार खाणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसोबत मी काम सुरू केलं. आता खरं अवघड ते सांगते.

लॅरी नासर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जिम्नॅस्टिक्सचा डॉक्टर, शेकडो मुलींवर अत्याचार केलेला. त्याला २०१८ मध्ये शिक्षा झाली, आणि त्याच सुमारास अमेरिकेत खेळाडूंच्या सुरक्षिततेचा कायदा आला. त्यामुळे लहान मुलांबरोबर सराव करणाऱ्या आम्हा प्रौढांनाही प्रशिक्षण घ्यावं लागतं. लैंगिक अत्याचाराची तक्रार थेट स्वतंत्र केंद्राकडे जाते. छळाच्या इतर तक्रारी बहुधा खेळाच्या संघटनेकडे. कागदावर व्यवस्था बरी आहे. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक जंतरमंतरवर येऊन बसल्या, कारण आत दाद मागायला जागा उरली नव्हती. ते मी तिथून बघत होते, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या कपडे बदलायच्या खोलीत एक वजनकाटा होता.

एक प्रशिक्षक अकरा-बारा वर्षांच्या मुलींना त्यावर उभं करायची. होय, बाई होती. आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. एक मुलगी डब्यातला खाऊ कचरापेटीत टाकताना मी तीनदा पाहिली. तिच्या आईशी बोलले. आई म्हणाली, 'तक्रार करू नका, हिला पुढच्या चाचणीत पाडतील.' हे वाक्य मी कामावर रोज ऐकते, फक्त 'चाचणी'च्या जागी 'घर' असतं. दोन रात्री झोप नाही. माझं ग्रीन कार्ड अजून यायचं होतं, क्लबात मी एकटी भारतीय, आणि ती प्रशिक्षक सगळ्यांची लाडकी. इथे वस्तीत मी दुसऱ्यांना पोलीस चौकीत नेत असे. स्वतःच्या क्लबाविरुद्ध कागद लिहिताना माझा हात जड झाला.

लिहिला. क्लबाच्या सुरक्षा-समितीच्या बाईंना दिला. चौकशी झाली, काटा खोलीतून गेला, प्रशिक्षकाला समज मिळाली. ती अजून शिकवते. ती मुलगी मात्र खेळ सोडून गेली, आणि तिची आई मला दुकानात दिसली की रांग बदलते. काही महिने पहाटेच्या बर्फावर माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. ती साठीची परिचारिका तेवढी शेजारी येऊन बूट बांधायची. काही बोलायची नाही, नुसती बसायची. मी बरोबर केलं का? केलं, असं मला वाटतं. त्या मुलीला विचारलं तर ती काय सांगेल, ते मला माहीत नाही.

क्लब मी सोडलेला नाही. आता समितीत आहे, आणि वार्षिक सभेत संध्याकाळच्या तासांसाठी हॉकीवाल्यांशी भांडते. यंदा आठवड्यातली एक संध्याकाळ मिळाली. फक्त एक, पण मिळाली.

मघाशी मागच्या रांगेतल्या मावशींनी विचारलं की साडी नेसून जमेल का. नाही जमणार, मावशी, काठ पात्यात अडकेल. सलवार चालेल, पायाशी घट्ट हवी. आणि हातमोजे आणा, पहिला अर्धा तास आपण पडणारच आहोत.